महिला आश्रयगृहे

घरातील छळ, लैंगिक अत्याचार, फसवणूक किंवा मानवी अपव्यापार यांतून सुटून आलेल्या वा सोडविण्यात आलेल्या स्त्रियांना निवारा, संरक्षण आणि स्वतंत्रपणे जगण्यासाठी लागणारे साहाय्य पुरविणाऱ्या निवासी संस्था. महाराष्ट्रात त्यांना काळपरत्वे व योजनापरत्वे महिलाश्रम, आधारगृह, संरक्षणगृह, स्वाधारगृह अशी निरनिराळी नावे मिळालेली आहेत. अपव्यापार म्हणजे नोकरीचे वा विवाहाचे आमिष दाखवून, धाक घालून अथवा अगतिकतेचा गैरफायदा घेऊन शोषणासाठी माणसांची ने-आण किंवा खरेदी-विक्री करणे. वेश्याव्यवसाय हे त्याचे सर्वांत परिचित रूप असले, तरी वेठबिगारी, घरकामातील गुलामी आणि पैसे देऊन लावलेली परप्रांतीय लग्ने हीही त्याचीच रूपे होत.

आश्रयगृह हे वसतिगृहाहून वेगळे असते, कारण तेथे येणारी स्त्री बहुधा जिवाच्या भीतीने, अंगावरच्या वस्त्रांनिशी आणि पुष्कळदा मूल कडेवर घेऊन आलेली असते. ते तुरुंगाहूनही वेगळे असले पाहिजे, कारण तिने कोणताही अपराध केलेला नसतो. तथापि दाराला आतून कडी व बाहेर पहारा ही दोन्ही ठिकाणची समान लक्षणे होत. बाहेरच्या माणसास आत येऊ न देणे आणि आतल्या स्त्रीस बाहेर जाऊ न देणे यांतील सीमारेषा कोठे आखावयाची, हा या संस्थांच्या गेल्या दीड शतकाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

इतिहास : महाराष्ट्रात या कार्याचा आरंभ जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८६३ मध्ये काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहापासून झाला. काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने लोकलज्जेस्तव आपल्या नवजात अर्भकाची हत्या केली आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या घटनेने व्यथित होऊन फुले दांपत्याने आपल्या घरातच हे गृह सुरू केले. विधवांनी तेथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे आणि मूल बरोबर न्यावे की मागे ठेवावे हे त्यांनीच ठरवावे, अशी तेथील रीत होती. गुप्तता, सुरक्षित बाळंतपण आणि निर्णयाचे स्वातंत्र्य ही आश्रयगृहाची तीन मूलतत्त्वे या पहिल्याच प्रयत्नात आढळतात. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत यास फुले दांपत्याने दत्तक घेतले. पंढरपूर येथे १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या आश्रयाखाली असेच गृह निघाले. यात्रेच्या गर्दीत सोडून दिलेल्या विधवा व अर्भके यांचा प्रश्न तेथे विशेष तीव्र होता.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदासदन’ स्थापन केले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. निवाऱ्यास शिक्षणाची जोड देणारी ही पहिली मोठी संस्था होय. तेथील पहिली विद्यार्थिनी गोदूबाई ही विधवा पुढे धोंडो केशव कर्वे यांची पत्नी आनंदीबाई झाली. शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आक्षेपावरून १८९३ मध्ये न्या. म. गो. रानडे, रा. गो. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी आपले अंग काढून घेतले. निराधार स्त्रीस आश्रय देणाराने तिच्या श्रद्धेवर कितपत अधिकार सांगावा, हा प्रश्न त्या वादामुळे महाराष्ट्रात जाहीरपणे चर्चिला गेला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सु. ३०० मुली व स्त्रिया आणून त्यांचा सांभाळ केला. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील त्यांच्या ‘मुक्तिसदन’ या वसाहतीत शेती, विणकाम, छपाई इ. उद्योग स्त्रियाच चालवीत. लैंगिक शोषणास बळी पडलेल्या स्त्रियांसाठी तेथे ‘कृपासदन’ हा स्वतंत्र विभाग होता.

कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि पुढे तो पुण्याजवळील हिंगणे येथे नेला. पार्वतीबाई आठवले (१८७०–१९५५) या विधवेने आश्रमात शिक्षण घेतले आणि नंतर गावोगाव हिंडून आश्रमासाठी वर्गणी जमविली. आश्रयास आलेली स्त्री पुढे त्याच संस्थेचा आधारस्तंभ होऊ शकते, याचे हे आरंभीचे उदाहरण होय. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुणे सेवासदनाची उभारणी केली. स्वामी श्रद्धानंद यांची १९२६ मध्ये हत्या झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ मुंबईत निघालेला श्रद्धानंद महिलाश्रम हाही या परंपरेतला आहे.

फाळणीनंतर या कार्यात शासनाचा थेट प्रवेश झाला. १९४९ च्या अपहृत व्यक्तींविषयीच्या कायद्यान्वये शोधून काढलेल्या स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्धही शिबिरांत ठेवता येत असे. काहींनी परत जाण्यास दिलेला नकार मानला गेला नाही. ‘सोडवणूक’ ही सोडविलेल्या स्त्रीच्या दृष्टीने दुसरी बळजबरीही ठरू शकते, हा त्या अनुभवाचा धडा पुढील कायदे करताना पुरेसा लक्षात घेतला गेला नाही. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि स्वयंसेवी संस्थांस शासकीय अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली. १९६९ मध्ये अल्पमुदती निवासगृहांची योजना निघाली.

इंग्लंडमध्ये १९७१ मध्ये एरिन पिझी यांनी लंडनच्या चिझिक भागात मारहाण होणाऱ्या पत्नींसाठी आश्रयस्थान उघडले. पश्चिमेकडील आधुनिक आश्रयगृह-चळवळीचे ते एक उगमस्थान मानले जाते. अनाथ वा विधवा नसलेल्या, नवरा व घर असलेल्या स्त्रीसही आश्रय लागतो, ही जाणीव भारतात मुख्यतः १९८० नंतरच्या हुंडाबळीविरोधी चळवळीतून दृढ झाली. पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथे १९९७ मध्ये सिस्टर लूसी कुरियन यांनी सुरू केलेल्या ‘माहेर’ या संस्थेमागे अशीच घटना आहे. १९९१ मध्ये एका गर्भवती स्त्रीने त्यांच्याकडे आश्रय मागितला होता. तशी सोय नसल्याने तिला दुसऱ्या दिवशी येण्यास सांगावे लागले आणि त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. वेश्यावस्तीतील स्त्रिया व त्यांची मुले यांच्यासाठी मुंबईच्या कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ (१९८६) आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ‘स्नेहालय’ (१९८९) या संस्थांनी काम उभे केले. विदर्भात सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) यांच्या कार्याचा आरंभ चिखलदरा परिसरात झाला.

कायदेशीर चौकट : भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार व वेठबिगार यांस मनाई केली आहे. त्यास अनुसरून १९५६ मध्ये अनैतिक व्यापारविषयक कायदा झाला. १९८६ च्या दुरुस्तीने त्यास आजचे ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम’ हे नाव मिळाले. या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे सोडविलेल्या स्त्रीस दंडाधिकाऱ्यापुढे हजर करतात. तिचे वय, पूर्ववृत्त आणि पालकांची योग्यता यांची चौकशी करून दंडाधिकारी तिला एक ते तीन वर्षेपर्यंत संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतो. त्यास साहाय्य करण्यासाठी पाच प्रतिष्ठित व्यक्तींचे, शक्यतो तीन स्त्रिया असलेले, मंडळ बोलाविण्याची तरतूद आहे. कलम २१ प्रमाणे परवान्यावाचून संरक्षणगृह चालविता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलींचे प्रकरण मात्र बाल न्याय कायद्याप्रमाणे बालकल्याण समितीकडे जाते. त्यांना गुन्हेगार समजू नये, तसेच कुंटणखान्याच्या चालकाच्या वकिलास त्यांच्या वतीने उभे राहू देऊ नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेवर स्पष्ट केले.

याउलट, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम हा पूर्णतः स्त्रीच्या मागणीवर आधारलेला आहे. पीडित स्त्रीने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केल्यास नोंदणीकृत आश्रयगृहाच्या प्रमुखाने तिला आश्रय दिलाच पाहिजे. तिने आधी रीतसर अहवाल नोंदविलेला नाही, या कारणावरून नकार देता येत नाही. तिची इच्छा असल्यास ती तेथे आहे ही गोष्ट प्रतिपक्षास कळविता येत नाही. सासरच्या सामायिक घरात राहण्याचा तिचा हक्कही याच कायद्याने मान्य केला आहे. त्यामुळे आश्रयगृहात येणे म्हणजे घरावरील हक्क सोडणे नव्हे.

एक कायदा स्त्रीस आदेशाने ठेवतो आणि दुसरा तिच्या विनंतीवरून. एकाच छताखाली दोन्ही प्रकारच्या स्त्रिया राहत असल्या म्हणजे नियमांचा घोळ होतो व बहुधा कडक नियमच सर्वांस लागू केले जातात. या परिस्थितीकडे न्यायालयांचे लक्ष वारंवार वेधले गेले आहे. आग्रा येथील संरक्षणगृहातील दुरवस्थेविषयी उपेंद्र बक्षी व लोतिका सरकार या विधिज्ञांनी लिहिलेल्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये याचिका म्हणून दखल घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन प्रौढ स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध संस्थेत ठेवण्याचा आदेश रद्द केला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांच्या मुक्ततेचा विचार ठराविक मुदतीत करण्याचे निर्देश राज्यांना दिले.

योजना व अर्थव्यवस्था : केंद्र शासनाच्या स्वाधार (२००१-०२), अल्पमुदती निवासगृह व उज्ज्वला (२००७) या योजना कालांतराने एकत्र होत गेल्या आणि २०२२ पासून ‘मिशन शक्ती’खालील ‘शक्तिसदन’ योजनेत समाविष्ट झाल्या. २०१५ पासून ‘सखी’ या नावाने एकछत्री केंद्रे निघाली. तेथे वैद्यकीय मदत, पोलीस, कायदेशीर सल्ला व पाच दिवसांपर्यंत निवारा एकाच ठिकाणी मिळावा अशी कल्पना आहे. महिलांसाठी १८१ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. महाराष्ट्रात महिला व बालविकास विभाग १९९३ मध्ये स्वतंत्र झाला आणि अनुदान व तपासणी ही कामे त्याच्याकडे आहेत.

आश्रयगृह चालविणारी संस्था बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली व १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते. तिचे हिशेब दरवर्षी तपासून धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावे लागतात. शासकीय अनुदान हे झालेल्या खर्चाच्या मागून व हप्त्यांनी येते. किराणा, दूध, वीज, घरभाडे आणि पगार मात्र महिन्याच्या महिन्याला भागवावे लागतात. या अंतरात पहिली झळ कर्मचाऱ्यांच्या पगारास आणि दुसरी ताटातील भाजी-डाळीस लागते. म्हणून काही महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी हाताशी असल्यावाचून असे गृह उघडणे हितावह नसते. देणगीदारांचाही प्रश्न नाजूक आहे. देणगी देणाऱ्यास आपल्या पैशाचे चीज झालेले पाहावयाचे असते, परंतु स्त्रियांना रांगेत उभे करून वस्त्रवाटप करणे किंवा त्यांची छायाचित्रे अहवालात छापणे हे गुप्ततेच्या तत्त्वास बाधक आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हाच आहे.

दैनंदिन व्यवस्थापन : गृहाच्या कारभाराची धुरा निवासी अधीक्षिकेवर असते. तिच्या जोडीला समुपदेशक, स्वयंपाकीण, पहारेकरी व हिशेबनीस आणि अर्धवेळ डॉक्टर व वकील असा वर्ग लागतो. प्रवेश रात्री-अपरात्री होत असल्याने दार उघडणारी व्यक्ती कोण हे महत्त्वाचे ठरते. पहिल्या रात्री चौकशीपेक्षा आंघोळीला गरम पाणी, स्वच्छ कपडे, जेवण आणि झोप यांची गरज अधिक असते. प्रवेशनोंद व अंगावरील दागिन्यांची व पैशांची पावती एवढेच त्या वेळी करून सविस्तर जबाब पुढे घेणे इष्ट होय. दुखापती असल्यास वैद्यकीय तपासणी मात्र लांबविता येत नाही, कारण पुढील खटल्यातील पुरावा तीवर अवलंबून असतो.

त्यानंतरचे काम मुख्यतः कागदपत्रांचे असते. घर सोडून आलेल्या स्त्रीजवळ शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे पुस्तक यांपैकी काही नसते आणि मुलांचा शाळेचा दाखला सासरच्या गावी अडकलेला असतो. दाखल्याअभावी शाळाप्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ठरविले आहे. तथापि ते मुख्याध्यापकास समजावून सांगण्यास कोणी तरी जावे लागते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन परत मिळविणे व फौजदारी फिर्याद ही चार कामे बहुधा एकाच वेळी चालतात. तारखेला न्यायालयात जाताना सोबत कोणी असणे ही या सर्वांतील अत्यंत मोलाची मदत ठरते, कारण साक्ष फिरविण्यासाठी दबाव येतो तो न्यायालयाच्या आवारातच.

मुलांमुळे आणखी एक पेच उभा राहतो. स्वाधारगृहाच्या नियमांत आईबरोबर मुली अठरा वर्षांपर्यंत व मुलगे आठ वर्षांपर्यंत राहू शकत. त्याहून मोठ्या मुलाची रवानगी बालगृहात करावी लागत असे. मुलाची ताटातूट टाळण्यासाठी छळ सोसत सासरी राहणाऱ्या स्त्रिया आढळतात, हे लक्षात घेता असा वयाचा नियम ही केवळ व्यवस्थेची बाब उरत नाही.

रक्षकच भक्षक होण्याचा धोका बंदिस्त संस्थांत नेहमीच असतो. बिहारमधील मुझफ्फरपूर येथील मुलींच्या आश्रयगृहातील अत्याचार २०१८ मध्ये उजेडात आले, ते टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीमुळे. शासकीय तपासण्या त्यापूर्वीही होत होत्या, परंतु मुलींशी एकान्तात व विश्वासाने बोलणारे कोणी तेथे गेले नव्हते. बाहेरच्या व्यक्तींची नियमित भेट, तक्रारपेटीची किल्ली अधीक्षिकेऐवजी बाहेरच्या समितीकडे असणे, दूरध्वनी वापरण्याची मोकळीक आणि निवासी स्त्रियांची स्वतःची सभा हे त्यावरील साधे पण परिणामकारक उपाय होत.

वाशिम जिल्हा : ग्रामीण भागात आश्रयगृह चालविण्याच्या अडचणी वाशिमच्या उदाहरणाने स्पष्ट होतात. ब्रिटिश अमदानीत १९०५ पर्यंत वेगळा असलेला हा वऱ्हाडातील जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून पुन्हा स्वतंत्र झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सु. १२ लक्ष असून तीपैकी चार पंचमांशांहून अधिक ग्रामीण आहे. सोयाबीन, तूर व कापूस यांची कोरडवाहू शेती हा मुख्य व्यवसाय. २००६ मध्ये शेतकरी-आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे विशेष साहाय्य ज्या सहा जिल्ह्यांस मिळाले, त्यांत वाशिम होता. २०१८ मध्ये निती आयोगाने त्याचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला.

अशा प्रदेशात हंगामी स्थलांतर हे जगण्याचे साधन असते. उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे कामावर जातात. कर्जाच्या या बंधनातून वेठबिगार आणि मुकादमाकडून होणारे शोषण उद्भवते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेपुढे वेगळाच प्रश्न असतो. कायद्याने ती पहिल्या वर्गातील वारस असते, परंतु सातबाऱ्यावर तिच्या नावाचा फेरफार होईपर्यंत घरात टिकून राहणेच तिला अवघड होते. तिला आश्रयगृहापेक्षा तलाठ्याकडे बरोबर येणाऱ्या माणसाची गरज अधिक असते, आणि ते वेळेवर मिळाल्यास घर सोडण्याची पाळी टळू शकते.

मोठ्या शहरात आश्रयगृहाचा पत्ता गुप्त राहू शकतो. तालुक्याच्या गावी ते जवळजवळ अशक्य असते. एस. टी. स्थानकावर उतरलेली अनोळखी स्त्री कोठे गेली, हे दुसऱ्या दिवशी गावाला ठाऊक असते आणि नवऱ्याचा एखादा नातलग तहसिलीत वा चौकीत ओळखीचा निघतो. म्हणून येथे गुप्ततेची जागा गावाच्या पाठिंब्याने भरून काढावी लागते. शेजारी, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व बचत गट यांना विश्वासात घेतलेले गृह अधिक सुरक्षित राहते. अतिशय धोक्यातील स्त्रीस मात्र अकोला, अमरावती वा नागपूर येथील संस्थेत हलविणे इष्ट असते. यासाठी संस्थांचा परस्परांशी संपर्क असावा लागतो. दूर हलविल्याने न्यायालयाच्या तारखा व मुलांची शाळा यांची गैरसोय होते, ही त्या सुरक्षिततेची किंमत होय.

पुनर्वसन : पुनर्वसनाचे जुने मार्ग दोन : स्त्रीस माहेरी वा सासरी पोहोचविणे आणि तिचे लग्न लावून देणे. महाराष्ट्रातील आश्रमांत आणि शासकीय गृहांत मुलींची लग्ने समारंभपूर्वक लावण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली आहे. त्यांतील अनेक विवाह सुखाचे झाले. तथापि निराधार मुलीच्या मागे विचारणारे कोणी नाही, हेच ज्यांना आकर्षण वाटते असे वरही पुढे येतात. म्हणून वराची गृहचौकशी आणि विवाहानंतरच्या भेटी आवश्यक ठरतात. घरी परत पाठवितानाही गृहचौकशी हवी, कारण अपव्यापारात मुलीस विकणारा पुष्कळदा घरचाच वा ओळखीचा असतो.

तिसरा मार्ग अर्थार्जनाचा. शिवणकाम, पापड-लोणची व मेणबत्त्या या ठराविक धंद्यांवर संस्थांचा भर असतो, परंतु त्यांवर एका स्त्रीचे व दोन मुलांचे घर चालत नाही. शुश्रूषा, स्वयंपाकघरांतील नोकरी, वाहनचालन, संगणकावरील कामे यांना शहरात मागणी आहे. ग्रामीण भागात शेळीपालन, कुक्कुटपालन व दुग्धव्यवसाय अधिक उपयुक्त ठरतात. खरा अडसर पुष्कळदा कौशल्याचा नसून घराचा असतो. एकट्या स्त्रीस भाड्याने खोली मिळत नाही. संस्थेने भाडेकरारास जामीन राहणे किंवा दोघी-तिघींनी मिळून राहण्याची सोय करणे हा त्यावरचा उपाय आहे. गृह सोडल्यावर किमान वर्षभर संपर्क ठेवणे आणि पुन्हा येण्याचे दार उघडे असणे हेही पुनर्वसनाचेच भाग होत. छळ करणाऱ्या घरी स्त्रिया एकदा नव्हे, अनेकदा परत जातात. तो संस्थेचा पराभव किंवा स्त्रीचा कृतघ्नपणा मानून तिला दुसऱ्यांदा प्रवेश नाकारणे घातक ठरते.

मूल्यमापन : किती स्त्रियांना किती दिवस आश्रय दिला, हे आश्रयगृहाच्या कार्याचे नेहमीचे माप आहे. अनुदानही पटावरील संख्येवर अवलंबून असते. परिणामी स्त्री जितकी अधिक काळ राहील तितका संस्थेचा हिशेब सोपा जातो, आणि कल्याण व हितसंबंध यांत विरोध निर्माण होतो. स्त्री स्वेच्छेने आली का, राहिली ती स्वेच्छेने का आणि गेली तेव्हा तिच्या हाती उत्पन्न, निवारा व कागदपत्रे होती का, हे प्रश्न अधिक समर्पक होत. बालहत्या प्रतिबंधक गृहात येणाऱ्या विधवेस स्वतःच्या व मुलाच्या भवितव्याचा निर्णय घेण्याची मुभा होती. त्यानंतरच्या अनेक कायद्यांनी व संस्थांनी संरक्षणाच्या नावाखाली ती मुभा आकुंचित केली. अलीकडच्या न्यायनिर्णयांनी ती पुन्हा मान्य केली आहे. ती प्रत्यक्षात उतरविणे हे मुख्यतः गृह चालविणाऱ्यांच्या रोजच्या वर्तनावर अवलंबून आहे.